जुनं कार्ड

कोमल, माझी सून, घरूनच नोकरी करते. पुन्हा नेट रखडलं तर काढून टाकू, असं साहेबानं बजावलेलं. मीच लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलायला लावलं.

लोणावळ्याच्या दुरुस्तीवाल्या अमृतनं नवं बसवलं, जुनं माझ्या हातात दिलं, तरी वेग येईना. कोमलनं मोबाईलवर वायफायला काय काय जोडलंय त्याची यादी बघितली. घरातलं सगळं नेट जुनंच कार्ड ओढत होतं. ते तर माझ्या तळहातावर होतं, गरम.

"आत्याबाई, टाका ते!"

"घाबरतीस काय? मी हाय न्हवं!"

वलवणच्या धरणात भिरकावून आले. नेट सुसाट पळालं.

दुपारी कोमल साहेबाशी बोलत असताना नेट पुन्हा रखडलं. यादीत जुनं कार्ड आलं होतं, सिग्नलची एकच रेघ.

"लय लांब हाय," मी म्हणाले.

दुसरी रेघ उमटली. मग तिसरी.

मी उठून दाराला कडी घातली.

चौथी उमटली.