विभूतीची बोटं

येडशीच्या शिवलिंगप्पाचे दोन्ही हात वाळून लोंबू लागले, तेव्हा उस्मानाबादच्या हकिमानं नाडी धरून निर्वाळा दिला, "हात गये, दिमाग सलामत है." निजामाच्या राज्यात हकिमाला खोटं कोण पाडणार?

त्या सलामत डोक्यानं शिवलिंगप्पा सख्ख्या भावाच्या मयताला खदखदून हसला. एरवी मुंगी टाळून चालणारा हा माणूस आता दिवसभर गूळ मागे आणि मांजराचं नरडं दाबायची भाषा करी.

"दाबा की," बायको महानंदा म्हणायची, "आधी घास तर उचला!"

रोज सकाळी तीच त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायची आणि तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा करायची, म्हणून त्याचा लुळा तळहात खालून धरून ठेवायची.

सोमवारी मांजर उंबऱ्यात मरून पडलं. मान मोडलेली, गळ्यावर विभूतीचे तीन पट्टे. शिवलिंगप्पा हसला. हात मांडीवर तसेच पडलेले होते.

आज पूजेला तिनं त्याचा तळहात धरला, तर बोटं पांढरीफटक. विभूतीची डबी तिनं अजून उघडलीही नव्हती.

"अहो, ही कुणी लावली?"

तो तिच्या गळ्याकडं बघत राहिला. तिनं मोकळ्या हातानं गळा चाचपला. हाताला राख लागली.

"पुसू नगंस," तो लाडानं म्हणाला. "जागा धरून ठिवलीया."