आल्यागेल्याची मोजणी

चोल्पोन स्टुलावर चढली, तर दारावरच्या यंत्राला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला.

"डोळा मोकळा ठेवलाय गं," सायराकान आपांनी खालून सांगितलं. "त्याला दिसायला नको?"

यंत्र साबणाच्या वडीएवढं. दारातून कुणी आत आलं की त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि आकडा थेट बिश्केकच्या विद्यापीठात, चोल्पोनच्या संगणकावर जाऊन बसायचा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे दिवसाकाठी कितीजण येतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. यंत्र असं हवं की तीन दिवसांत घराला त्याचा विसर पडावा, असं तिचे सर म्हणत. कोचकोर गावातल्या चौदा घरांना तसा तो पडलाही होता. या पंधराव्या घरानं मात्र रविवारी एक्केचाळीस माणसं दाखवली. बिघाड असणार म्हणून ती तीन तास बर्फातून आली होती.

यंत्र ठणठणीत होतं.

"आपा, रविवारी कोण आलं होतं?"

"कोण नव्हतं आलं ते विचार! घरात नवी वस्तू आली म्हटल्यावर लोक बघायला येणारच. आणि कोरुमदुक आणल्याशिवाय कोण येतंय?"

कोरुमदुक खिडकीत नीट मांडून ठेवलं होतं. नवी सून असो, वासरू असो की कपाट, पहिल्यांदा बघायचं ते रिकाम्या हातानं नाही. बशीभर गोळ्या, जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी, लोकरीच्या मोज्यांचा जोड.

"यंत्राला मोजे?"

"शेजारच्या जुमागुलनं दिले. म्हणाली, दिवसभर दारात बसतं बिचारं, गारठत असेल."

चोल्पोनला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "मी बजावलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून?"

"मी कुठं सांगितलं? फक्त जुमागुलला सांगितलं."

चोल्पोन स्टुलावरून उतरली. वही उघडून आपांसमोर बसली. "आपा, हे एक्केचाळीस मला खोडावे लागतील. ती माणसं तुमच्याकडे नाही, यंत्राकडे आली होती."

"मग चहा कुणाच्या हातचा प्यायली? यंत्राच्या?"

आपांनी तिच्या वाटीत चहा ओतला, दूध घातलं. मग किटलीकडेच बघत विचारलं, "आकडा तालायलाही कळतो ना?"

तालाय त्यांचा मुलगा, बिश्केकला असतो. या मोजणीत आईचं नाव त्यानंच घातलं होतं, आणि चोल्पोनच्या देखत तो आईला म्हणाला होता, 'दिवसाला दोन माणसंही फिरकत नसतील, तर वसंतात तुला माझ्याकडे घेऊन जाणार. मग काही ऐकायचा नाही.'

"कळतो, आपा. महिनाअखेरीला."

"नववा मजला आहे त्याचा. तिथं माणसं आधी फोन करतात, मग खालून घंटी वाजवतात, मग वर येऊन पुन्हा वाजवतात." आपांनी किटली चुलीवर ठेवली. "तोवर मी बोलायचंच विसरून जाईन."

चोल्पोननं रविवारच्या आकड्यावर रेघ मारली. आपा रेघेकडे बघत राहिल्या. चोल्पोनचं बोट खाली सरकलं. सोमवारी सहा. काल, मंगळवारी, सात.

"हे कशाला आले होते? यंत्र तर रविवारीच बघून झालं होतं."

"यंत्र बघून झालं होतं," आपा म्हणाल्या, "पण बोलणं कुठं संपलं होतं?"

चोल्पोननं सहा तसेच ठेवले. सातही तसेच ठेवले. दोन्ही आकडे नको तेवढे ठळक गिरवले.

आपांचा चेहरा उजळला. "आणि आजची तू?"

"मी धरायची नसते, आपा. मी कामाला येते ना."

"हात्तिच्या! एवढी तीन तासांवरून आलीस, आणि फुकटच की!"

निघताना आपांनी नान पुढं केला. तुकडा तोंडात टाकल्याशिवाय कुणाला त्या घरातून जाऊ देत नसत. चोल्पोननं तुकडा चावत बूट चढवले, टोपी घातली. खिशातून हातमोजे काढले, क्षणभर थांबली आणि खिडकीत लोकरीच्या मोज्यांशेजारी ठेवून दिले.

"अगं पोरी, हातमोजे राहिले! बाहेर बोटं गळून पडतील."

"राहू देत. शनिवारी येऊन नेईन."

"शनिवारी? शनिवारी तुला सुट्टी असते ना?"

"असते," चोल्पोन म्हणाली, आणि उघडे हात काखेत दाबून बर्फात उतरली.