बाबांची शेवंती

महिनाभर लेकीकडे जाताना आईनं मुलाला पाचदा बजावलं होतं, "बाकी बाग सुकली तरी चालेल, बाबांच्या हातची शेवंती तेवढी जप." त्यानं भर थंडीत तिला रोज तांब्याभर पाणी घातलं आणि मुळं कुजवली. मग चार रोपवाटिका पालथ्या घालून तशीच पिवळी शेवंती आणली, जुन्या कुंडीत लावली.

आईनं आल्या आल्या फुलांवरून हात फिरवला. "छान जपलीस रे."

त्याला राहवेना. "आई, ही बाबांची नाही. ती मेली."

आई उगाचच कुंडीतली माती सारखी करत राहिली.

"तीही त्यांची नव्हती. त्यांची, ते गेले त्याच हिवाळ्यात गेली." तिनं मान वर केली नाही. "मीही रोज पाणी घालत होते."