डावा पाय आधी

"अहो, बाईंना खरं काय ते सांगा," बायको म्हणाली, तसा बग्गीवाल्याने उचललेला पाय हवेतच ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

उचललेला पाय उजवा होता. दुखत होता तो डावा गुडघा.

फिजिओबाईंनी एकदा पायाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "काका, घरी रोज हाच पाय उचलता?"

"रोज. न चुकता."

"आणि डावा?"

"तो शेजारून बघतो."

त्याचं गणित सरळ होतं. जन्मभर त्याने नवी घोडी अशीच तयार केली होती. जुन्या, शहाण्या घोडीच्या शेजारी जुंपायची. शहाणी चालते, नवी बघते आणि एके दिवशी आपसूक पाऊल उचलते. उजवा गुडघा शहाणा. आधी तो तयार झाला की त्याचं बघून डावा शिकेल. आणि उजवा झालाही होता तयार. इतका, की झोपेतसुद्धा लाथ मारायचा.

"ते मी भोगलंय," बायको म्हणाली.

फिजिओबाई हसल्या नाहीत. कोपऱ्यात एक लाकडी ठोकळा होता, बग्गीच्या पावदानाएवढा उंच. याच कामासाठी त्यांनी तो सुताराकडून करून घेतला होता. आज त्यावर चढून दाखवायचं होतं. नाही जमलं, तर संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन दोन्ही घोड्या आणि बग्गी घेऊन जाणार होतं. हे बायकोनेच ठरवलं होतं. पावदानावरून घसरून तो चाकाखाली पडला, त्या दिवशी घोड्या जागच्या हलल्या नाहीत म्हणून वाचला. घोड्या काय, दर वेळी थोड्याच उभ्या राहणार?

"उजवा पाय आधी टाकून चढले तर?" तिनेच हळूच विचारलं.

"उजव्या पायाने चढणारा घोड्यांकडे पाठ करून बसतो."

"बसा मग. मागे बघत हाका."

"म्हणजे डाव्या पायाचा जो काय व्यायाम झाला, तो इथेच झाला," फिजिओबाई स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांनी त्याला पलंगावर बसवलं, डाव्या गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल सरकवला आणि स्टूल ओढून समोर बसल्या. "मागच्या खेपेला कुठवर आलो होतो? वारा सुटला होता ना?"

या खोलीतली ही रीतच पडून गेली होती. बग्गीवाल्याला नुसतं 'टाच उचला आणि धरून ठेवा' म्हटलं, की टाच धपकन खाली यायची. पण तोंडात थाप असली, की ती संपेपर्यंत पाय खाली ठेवायचं त्याच्या ध्यानातच राहत नसे. म्हणून फिजिओबाई त्याला एकच औषध द्यायच्या: "मग?"

"वारा कसला बाई, राक्षस!" बग्गीवाला खुलला. टाच वर गेली. "मागून असा रेटा, की बग्गी पुढे आणि घोड्या मागे."

"मग?"

"मी खाली उतरलो होतो घोड्यांना समजवायला. तेवढ्यात बग्गी निघाली एकटीच उतारावरून. आत नगराध्यक्षांच्या सासूबाई. गाढ झोपलेल्या."

"अरे देवा! मग?" फिजिओबाई उठल्या. त्यांनी त्याचा हात धरला, तसा तोही उठला.

"मग काय, मी धावतोय! पुढे बग्गी, मध्ये मी, मागे घोड्या. आणि उतार संपतो तिथे तळं." तो आता खोलीभर चालत होता. बायको भिंतीला चिकटून उभी राहिली. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"तळं आलं. मग?"

"आलं की! पाणी दिसायला लागलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. डावा पाय पावदानावर ठेवला, दांडा धरला, आणि हा असा..."

फिजिओबाईंनी हात सोडला.

"...वर! लगाम खेचले, हो! हो रे!"

"घोड्या तर मागे होत्या ना?"

"म्हणून तर बग्गी मागे वळली! सासूबाई घरी उतरल्या आणि म्हणाल्या, आज बरी संथ हाकलीस."

थाप संपली. सवयीप्रमाणे त्याने पाय खाली ठेवायला पाहिलं, आणि जमीन भलतीच लांब दिसली. तो ठोकळ्यावर उभा होता. डाव्या गुडघ्याने त्याला वर आणलं होतं आणि अवाक्षर काढलं नव्हतं.

मग बायकोने पिशवीतून फोन काढला. "संध्याकाळी येऊ नका," ती गिऱ्हाईकाला म्हणाली. "का म्हणजे? मालक वर बसलेत."

बग्गीवाल्याने वरूनच फिजिओबाईंकडे पाहिलं. "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं. त्या गोष्टीतलं एक अक्षर खरं नाही."

"मला ठाऊक होतं, काका. तुमच्या गुडघ्याला नव्हतं."

हातात नसलेला चाबूक त्याने कपाळाला लावला. गाडीवान बसल्या जागेवरून असा सलाम करतात, आणि तोही सगळ्याच उतारूंना नाही.

"आता उतरा," फिजिओबाई म्हणाल्या.

"उतरायची गोष्ट नाही माझ्याकडे."

बायको डाव्या अंगाला येऊन उभी राहिली आणि तिने खांदा पुढे केला.

"ती मला येते," ती म्हणाली. "आणि खरी आहे."