क्लाइव्हच्या गाडीतला आरसा

स्वतःच्या हातांनी गाडी बांधणारा माणूस थेट विधात्याच्या पंगतीला बसतो. आमचा शेजारी क्लाइव्ह मात्र विजारीला ग्रीस फासून बसला.

भाऊ विल्फ इस्पितळात असताना क्लाइव्हने त्याची लाडकी गाडी कापून सुटे भाग आपल्या नव्या गाडीला जोडले. "घरी येऊ दे, तुझेही सुटे भाग करतो," विल्फ गरजला. घरी न येता तो परस्पर कबरीत गेला.

पहिल्या फेरीला मी शेजारी बसलो. गाडीत आसनं दोनच. पण विल्फच्या गाडीतून काढून बसवलेल्या आरशात मागचं आसन दिसत होतं, आणि त्यावर टोपी घातलेला विल्फ.

"ब्रेक दाब, क्लाइव्ह!" मी ओरडलो.

"दाबतोय रे बाबा! ऐकतेय कुठे?"

समोर दगडखाणीचा कडा आला.

"क्लाइव्ह," मागून आवाज आला, "सीट जरा पुढे घे. गुडघे अडकतायत."