ते पोचायच्या आधी

चार वाजता मृणालिनीनं फोन उघडला आणि पोकोनोजच्या डोंगरातल्या केबिनचं तापमान पन्नास फॅरनहाइटवरून अडुसष्टवर नेलं. शुक्रवार होता. ते सातच्या सुमाराला पोचायचे. तेवढ्या वेळात घर तापलं असतं.

पिस्कॅटवे गावातल्या तिच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये चौसष्ट होतं. एकटीला तेवढं पुरायचं. वर नवऱ्याचा, गिरीशचा जुना स्वेटर असायचा.

केबिनची हौस गिरीशची. रिकाम्या घरात हिवाळ्यात पाइप गोठून फुटतात, म्हणून त्यानं तिथं फोनवरून चालणारा थर्मोस्टॅट बसवला आणि मृणालिनीच्या फोनमध्येही ॲप घालून दिलं. त्याला जाऊन आता पाच वर्षं झाली होती. त्याच्या कपड्यांच्या पेट्या आणायला ती एकदा तिकडे गेली, त्यानंतर नाही.

सातला पाच मिनिटं कमी असताना अडुसष्टचे सत्तर झाले. म्हणजे आत येऊन कोणीतरी भिंतीवरचं बटण दाबलं होतं. सुखरूप पोचले. मग तिनं स्वतःचं पान वाढून घेतलं.

गेल्या मार्चमध्ये तो आकडा पहाटे तीनला बदलायला लागला होता. कधी एकदा, कधी दोनदा. मृणालिनीनं भूलतज्ज्ञ म्हणून पस्तीस वर्षं हॉस्पिटलात काढली होती, पण हे ओळखायला डॉक्टर असायची गरज नव्हती. घरात बाळ आलं होतं. तिला कोणी कळवलं नव्हतं. त्या दिवशी तिनं वाटीभर शिरा केला आणि एकटीनंच खाल्ला.

शनिवारी दुपारी खालच्या मजल्यावरची अदिती आली. ती मूळची नागपूरची. नवऱ्याची नोकरी दूर अ‍ॅशबर्नला, त्यामुळे तीही बरेचदा एकटीच असायची. आयसेलिनच्या देशी दुकानांत गेली की काकूंसाठी मेथीची जुडी घेऊन यायची. आत आली तेव्हा मृणालिनी चष्मा वर करून फोनकडे बघत होती. तिनं नेहमीसारखं बस म्हटलं नाही.

केबिनमधलं तापमान एकसष्ट होतं. सकाळी सत्तर होतं.

तिकडे बर्फाचं वादळ असेल, अदिती म्हणाली. वादळ तर रात्रीपासूनच होतं. बघता बघता एकसष्टचे साठ झाले, मग अचानक बासष्ट, पुन्हा साठ. घर तापवणारा फर्नेस बंद पडत होता, पेटत होता, परत बंद पडत होता. असं एकदा गिरीश असताना झालं होतं. फर्नेसचा धूर बाहेर टाकणारा पाइप उत्तरेच्या भिंतीतून निघतो, जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर. वाऱ्यानं बर्फ तिकडे साचलं की तो बुजतो आणि धूर घरातच फिरतो. तेव्हा गिरीशनं फावडं घेऊन तो मोकळा केला होता.

“त्यांना फोन करा ना, काकू,” अदिती म्हणाली.

“माझ्याकडे नंबर नाही.”

अदितीला राहवलं नाही. असा कसा मुलगा असतो, असं काहीतरी ती पुटपुटली.

“त्यांना दोष देऊ नकोस,” मृणालिनी म्हणाली. ती ॲपमध्ये मागचे आकडे बघत होती. घर दहा डिग्रींनी गार झालं होतं, बाळ घरात होतं, आणि सकाळी नऊनंतर भिंतीवरच्या बटणाला कोणी हात लावलेला नव्हता. बाहेर गेले असते तरी अशा वादळात कुठं गेले असते? धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणसाला नुसती झोप येते. माणसं झोपतात कशी, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं!

तरी ती मिनिटभर तशीच बसली. फोन केला की काय काय विचारतील, हे तिला कळत होतं.

डोंगरातल्या फायर स्टेशनचा नंबर गिरीशनंच कधीतरी तिच्या फोनमध्ये घातला होता. तिनं पत्ता सांगितला, पाइप कुठल्या भिंतीला आहे ते सांगितलं, आत दोन मोठी माणसं आणि दहा महिन्यांचं बाळ असावं असं सांगितलं. पलीकडच्या बाईनं नाव विचारलं, ते दिलं. नातं विचारलं.

“आधी गाडी पाठवा,” मृणालिनी म्हणाली.

पाऊण तास दोघी बसून होत्या. अदितीनं केलेला चहा निवून गेला. शेवटी फोनवरचा आकडा भराभर खाली आला, म्हणजे कोणीतरी दारं-खिडक्या सताड उघडल्या होत्या. मृणालिनीनं ते अदितीला सांगितलं आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकली.

मग फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर घेतला. फायर स्टेशनचा माणूस बोलत होता. तिघंही सोफ्यावर पडलेले सापडले, आई-वडील अर्धवट शुद्धीत. बाहेरच्या गार हवेत आणल्याबरोबर बाळ जोरात रडलं. आता तिघांना ऑक्सिजन लावलाय, जिवाला धोका नाही. पाइप चार फूट बर्फाखाली होता. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर, एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, बाळाची आई सारखी विचारतेय, फोन कोणी केला. काय सांगू?

अदितीचे डोळे भरून आले होते. “सांगा ना, काकू,” ती हळूच म्हणाली. “आजीनं केला म्हणून सांगा.”

मृणालिनीनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. मग ती फोनजवळ वाकली.

“नाव नका सांगू,” ती म्हणाली. “ते मला ओळखत नाहीत. माझा नवरा गेल्यावर एजंटमार्फत ते घर मी त्यांना विकलं. माझ्या फोनमधून ते ॲप काढून टाकायचं तेवढं राहून गेलं.”