गडगडणारा कांदा

यातला शब्द न् शब्द खरा आहे, गळ्याशप्पथ! खोटं निघालं तर माझी कवळी तुमच्या हवाली.

तर मावशी ओट्यापाशी उभी राहून ओरडत होती. "अरे, कांदा गडगडतो म्हणजे काय? कांदा आहे का चेंडू?"

समोर तिचा नवरा मोबाईल धरून उभा. ज्यांना पाणीसुद्धा उकळता येत नाही, अशांसाठी मावशी स्वयंपाकाचे व्हिडिओ करायची. जन्म गेला होता वसतिगृहाच्या मेसमध्ये रांधण्यात. "दगडालाही शिकवीन," असं अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसली होती. आणि आता एका दगडानेच तिचं नाक कापायला घेतलं होतं.

व्हिडिओ बघणाऱ्या या दगडाने नाव लावलं होतं 'उपाशी बोका'. प्रत्येक व्हिडिओखाली बोक्याचा प्रश्न हजर. काडीपेटी दातात धरून काडी ओढली तर चालेल का? बटाटा सोलताना पळतो, पाय ठेवू का त्याच्यावर? झाकण उचलल्यावर ढवळायचं कशाने? एकदा तर अंडं उकडायला ठेवलं आणि पाणी आटेपर्यंत वाकून बघत बसला. अंडं फाडकन उडालं ते थेट छताला चिकटलं. अजून तिथेच आहे म्हणे. पाहुणे आले की आधी वर बघतात.

बाकीचे लोक खाली दात काढायचे. "मावशी, बोक्याला नापास करा!" मावशीला मात्र रडू यायचं. कांद्याचा व्हिडिओ तिने परत केला. सावकाश केला. आणखी सावकाश केला, इतका की नवरा उभ्या उभ्या पेंगला आणि अर्ध्या व्हिडिओत नुसत्या तिच्या चपला दिसल्या. तरी बोक्याचं आपलं तेच. कांदा गडगडतो.

बरं, सोडून द्यावं तर तेही होईना. त्याने लिहिलं होतं, "बायको पाय मोडून पडलीय. माझ्या हातचं जळकं खाऊन विटलीय. रविवारपर्यंत धड सूप जमलं नाही, तर बहिणीकडे जाते म्हणते."

शेवटी मावशीने पदर खोचला आणि लाइव्ह सुरू केलं.

"बोक्या, आहेस ना? आज तू तरी शिकशील, नाहीतर मी हे दुकान बंद करीन. ठेव कांदा. उचल सुरी. काय होतंय?"

नवऱ्याने मोबाईलवर वाचलं. "गडगडतो म्हणतोय."

"मग धर ना त्याला!"

"कशाने, विचारतोय."

"कशाने म्हणजे? दुसऱ्या हाताने, माझ्या राजा! दुसरा हात देवाने काय मिशा पिळायला दिलाय?"

नवऱ्याने चष्मा सारखा केला आणि अगदी हळू वाचलं.

"दुसरा हात कुठून आणू?"

मावशीच्या हातातली सुरी तशीच राहिली. काडीपेटी दातात. बटाट्यावर पाय. सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि आपण त्याला दगड समजलो, वर मिशांवरून बोललो!

तिने गॅस बंद केला. टॉवेल घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "माझा डावा हात कमरेला बांधा."

"आणि मोबाईल कोण धरणार?"

"तुम्हीच! एका हाताने बांधा, मेलं तेवढंही जमत नाही?"

मग कांद्याने मावशीला आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं. तो गडगडत फ्रिजखाली गेला. दुसरा सिंकमध्ये पडला. मावशीने त्याला अशा शिव्या घातल्या की त्या लोकांना ऐकू जाऊ नयेत म्हणून नवऱ्याने मोबाईलचा कान समजून भलतंच भोक दाबून धरलं. पण बाई हटली नाही. चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं घातलं, पाटातून एक खिळा ठोकून वर काढला आणि कांदा त्यावर खोचला. कांदा गप्प! बटाटे सालासकट उकडले. साल बोटाने निघून आलं. सूप झालं, एकहाती.

रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात एक लठ्ठसा माणूस. सुपाचं पातेलं घेऊन उभा.

"मावशी, मी बोका! बायको राहिली हो! वाटी चाटूनपुसून... अहो, आत तर घ्या, पोळतंय."

मावशी पातेल्याकडे बघेचना. ती पातेल्याच्या कानांकडे बघत होती. एक कान या हातात, एक कान त्या हातात.

"हे दोन आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"हात, मेल्या!"

"असणारच की. जन्मापासून आहेत."

"मग 'दुसरा हात कुठून आणू' म्हणून माझा जीव का काढलास?"

बोका गोंधळला. "अहो, एका हातात मोबाईल! तुम्ही दाखवणार, मी बघत बघत करणार. खाली ठेवला तर तुम्ही दिसत नाही, नुसतं छत दिसतं. बायकोला धर म्हणावं तर ती पलंगावर. तुमचा मोबाईल कोण धरतं?"

मावशीने मागे वळून पाहिलं. नवरा दंड चोळत उभा होता.

"मी," तो म्हणाला. "आणि मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

आता मावशीच्या पहिल्या व्हिडिओत ना कांदा आहे, ना सुरी. त्यात ती एवढंच सांगते, "मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवा. ठेवलात? आता दोन्ही हात धुवा."

बरं, कवळी मागायला येऊ नका. एक गोष्ट मी पदरची घातली, कबूल. अंडं छताला चिकटलं नव्हतं. ते उडून मोबाईलवरच आदळलं होतं, आणि तरी त्या बोक्याने मोबाईल काही सोडला नाही.